नेमणूकपत्र आणि मधली सुट्टी

२०२३ च्या जून महिन्यात माझ्या धाकट्या भाचीला पुण्यातील कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी लागली. तिचे वडील रंगकाम करतात. हाताला काम असेल त्या दिवशी पैसे, नसेल त्या दिवशी नाहीत. अशा घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम येणार, ही गोष्ट लहान नव्हती. पेढ्यांचा पुडा घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मी सहज विचारले, "कागदावर काय लिहिले आहे?"

"सही करून दिली, मामा. कागद त्यांनी ठेवून घेतला."

"वाचलास का?"

"माझ्या मागे रांगेत सात मुली उभ्या होत्या."

मी पुढे काही बोललो नाही, पेढा खाल्ला. तेव्हा बोलायला हवे होते, असे आज वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस तिला थंडी वाजून ताप भरला आणि पाठीत कळा येऊ लागल्या. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दिवसाला पाणी किती पितेस, असे डॉक्टरांनी विचारताच तिने मान खाली घातली. सकाळी साडेदहापासून रात्री नऊपर्यंत ती उभी असे. प्रसाधनगृहात जायचे तर मजल्यावरील प्रमुखाची परवानगी घ्यावी लागे, आणि समोर गिऱ्हाईक असताना परवानगी मागण्याची सोय नव्हती. म्हणून तिने पाणीच तोडले होते. जेवण गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मालाच्या खोलीत, दहा मिनिटांत उरकायचे.

तिला कोणी मारले नव्हते की शिवी दिली नव्हती. पगारही वेळेवर होत होता. म्हणूनच आपल्यावर अन्याय होत आहे, हे तिच्या किंवा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. या वर्षी आपल्या कित्येक घरांतील मुले-मुली पहिल्या नोकरीवर रुजू होतील. त्यांच्यासाठी, आणि रुजू होण्याआधी त्यांना चार शब्द सांगू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी, हा विषय थोडा तपशिलाने पाहू या.

अर्धा तास कोठून आला?

जेवणाची सुट्टी ही मालकाच्या मनाच्या मोठेपणातून मिळते, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा, रोज एक तासाची विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या होत्या. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना व विश्रांतीला त्यात काहीही जागा नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले आणि तिच्याबरोबर माणूस चाले.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. महात्मा फुले यांचे ते सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक, आणि काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. काम करताना जखमी झालेल्याची काही तजवीज व्हावी. या मागण्यांत चैनीची म्हणावी अशी एकही नाही.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, हे मला नेहमी विशेष वाटत आले आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या, कायद्यात दुपारच्या अर्ध्या तासाचाही समावेश झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने हा नियम पक्का केला: सलग पाच तासांहून अधिक काम नाही, आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी. दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, आणि जादा कामाला दुप्पट दर. आपल्या दुपारच्या डब्यामागे अशी सत्तर वर्षांची खटपट आहे.

आकड्यांचा हिशेब

माझ्या भाचीच्या दुकानाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होता, कारण तेथे दहाहून कितीतरी अधिक माणसे कामाला होती. त्या वेळी त्या कायद्यातील मर्यादाही अशाच होत्या: दिवसाला नऊ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी, आणि येण्यापासून जाण्यापर्यंतचा एकूण पसारा, सुट्टी धरून, साडेदहा तासांहून अधिक नाही.

आता साडेदहा ते नऊ मोजून पाहा. बरोबर साडेदहा तास होतात. पसारा मर्यादेत बसला. परंतु काम नऊच तास घ्यायचे, तर उरलेला दीड तास कोणाचा? तो तिचा होता. रोजचा दीड तास, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे एकोणचाळीस तास. तेवढा वेळ तिने काम केले असेल, तर ते जादा काम झाले आणि त्याला दुप्पट दराने मोबदला लागू होता. तिला विश्रांतीही मिळाली नाही व मोबदलाही नाही. असा हिशेब नोकरी लागताच कागदावर मांडावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

या हिशेबात दोन चुका नेहमी होतात. चहासाठी पाच-सहा मिनिटे इकडे तिकडे मिळाली, की ती जोडून अर्धा तास झाला असे मानले जाते. कायद्याने सांगितलेली सुट्टी सलग किमान अर्ध्या तासाची आहे. तिचे तुकडे करून ती भरत नाही. दुसरे असे की, डबा उघडून काउंटरवरच बसायचे आणि गिऱ्हाईक आले की हात पुसून उठायचे, याला विश्रांती म्हणत नाहीत. त्या अर्ध्या तासात माणसाला कामाची जागा सोडून जाता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तासांचे आकडे स्थिर नाहीत. २०२५ मध्ये महाराष्ट्राने दुकानांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेली, आणि वीसहून कमी माणसांच्या आस्थापनांना त्या कायद्याच्या बहुतेक बंधनांतून वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा त्यांत विलीन झाला. कामाची सुरक्षा, आरोग्य व परिस्थिती यांविषयीच्या संहितेत दिवसाला आठ तास, आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नाही, जादा काम कामगाराच्या संमतीनेच आणि दुप्पट दराने, असे म्हटले आहे. मधल्या सुट्टीची वेळ ठरविणे सरकारच्या अधिसूचनांवर सोपविले आहे. म्हणून शेजारच्या काकांनी सांगितलेल्या जुन्या आकड्यावर विसंबू नये. आपण ज्या राज्यात नोकरी करतो, तेथील कामगार कार्यालयात जाऊन चालू नियम विचारावा. बडोद्यात, इंदुरात, बेळगावात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या वाचकांना पुण्याचा नियम जसाच्या तसा लागू होणार नाही.

उभे राहण्याची शिक्षा

दुकानांतील मुलींच्या बाबतीत विश्रांतीला आणखी एक बाजू आहे, आणि ती प्रथम केरळातील स्त्रियांनी देशापुढे आणली. कोळिकोड शहरात कापडाच्या दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्यास मनाई असे. प्रसाधनगृहाचीही तीच कथा. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी 'पेण्कूट्ट' ही संघटना उभारून या प्रश्नावर वर्षानुवर्षे आवाज उठविला. अखेर २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, हे १९४८ च्या कायद्यातच लिहिले होते. यंत्रासमोर उभ्या असलेल्या पुरुषाचे पाय दुखतात हे आपल्याला सत्तर वर्षांपूर्वी कळले होते. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईचेही दुखतात, हे कळायला २०१८ उजाडले. आता नव्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्या सर्वच कामगारांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद आहे.

तान्हे मूल असलेल्या आईनेही आपला हक्क जाणून घ्यावा. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून आणखी दोन वेळा वेळ मिळाला पाहिजे. ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही कायम ठेवली आहे. मागितल्याशिवाय ती सहसा कोणी सांगत नाही.

सहीपूर्वी काय वाचावे?

नेमणूकपत्र देणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्यास ते दिलेच पाहिजे, असे नव्या संहितेत आहे. आधीपासून कामावर असलेल्यांना ते न मिळाले असल्यास तीन महिन्यांत देण्याची मुदत होती. तेव्हा "आमच्याकडे असे काही देत नाहीत" हे उत्तर यापुढे पुरे नाही. पत्राची आपल्याकडे ठेवण्याची प्रत मागावी. तीही न मिळाल्यास मोबाइलवर छायाचित्र घेण्याची परवानगी विचारावी.

पत्रात पगार, हुद्दा व रुजू होण्याची तारीख पाहिली म्हणजे बहुतेकजण थांबतात. खरी अडचण पुढच्या पानावर, 'कामाच्या वेळा' या कलमात असते. तेथे पुष्कळदा इतकेच असते की, व्यवसायाच्या गरजेनुसार वेळ ठरविण्यात येईल. हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु ज्या वाक्यात घड्याळाचा आकडा नाही, ते वाक्य ज्याच्या हाती सत्ता त्याच्या बाजूने वाचले जाते. म्हणून तेथे थांबून शांतपणे विचारावे: येण्याची वेळ कोणती, जाण्याची कोणती, जेवणाची सुट्टी किती वाजता. "सुट्टी मिळेल का?" असे विचारू नये. तसे विचारले की सुट्टी ही मेहेरबानी ठरते. "सुट्टी किती वाजता असते?" असे विचारावे. कामाच्या वेळांचा तक्ता आस्थापनेत लावलेला असला पाहिजे. तो कोठे लावला आहे, हेही त्याच वेळी विचारावे.

"मी तर सही केली, आता काय बोलणार?" असे म्हणून हताश होणारे अनेक भेटतात. १८७२ च्या करार कायद्याचे तत्त्व असे आहे की, कायद्याचा हेतू विफल करणारा करार बंधनकारक होत नाही. कायद्याने दिलेली विश्रांती मी सोडतो, असे कोणी लिहून घेतले, तरी त्या लिहून घेण्याला किंमत नाही. नोकरी सोडल्यावर अमुक इतकी वर्षे याच व्यवसायात दुसरीकडे काम करणार नाही, ही अटही त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने निरर्थक ठरते.

मात्र बॉण्डची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे तरुणांनी फसू नये. ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरावी लागेल, ही अट न्यायालयात टिकू शकते. विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ग्राह्य धरली. तेव्हा बॉण्डवर सही करण्यापूर्वी रक्कम व मुदत घरी दाखवावी. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे तर कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. साक्षांकित प्रती द्याव्यात.

हुद्द्याच्या नावानेही भुलू नये. नव्या मुलांना 'असिस्टंट मॅनेजर' म्हटले की त्यांना आनंद होतो, आणि मॅनेजरला तासांचे नियम लागू नाहीत, हे त्यांना पुढे कळते. परंतु न्यायालये नावाची पाटी पाहत नाहीत. तो माणूस दिवसभर प्रत्यक्षात कोणते काम करतो, ते पाहतात.

रविवार

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो, तो स्पष्ट मांडलेला बरा. कायदा आठवड्यातून एक दिवस सुट्टी देतो. तो दिवस रविवार असेल, असे आश्वासन देत नाही. दुकाने, रुग्णालये, उपाहारगृहे रविवारीच गजबजलेली असतात. तेव्हा रविवारच्या उपासनेसाठी मोकळीक हवी असेल, तर ती मुलाखतीच्या वेळी बोलून ठेवावी: सकाळची पाळी न देता दुपारची द्यावी, किंवा महिन्यातील दोन रविवार सोडावेत. आधी सांगितलेली अडचण बहुतेक मालक समजून घेतात. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सांगितलेली घेत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या ठेवल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी मिळून ठरवायच्या. त्या चारांत नाताळ किंवा उत्तम शुक्रवार यावा असे वाटत असेल, तर ठरविण्याच्या वेळी तोंड उघडले पाहिजे.

येथे मालकांनाही एक शब्द, कारण आपल्यातले अनेकजण मालकही आहेत. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. चाकर, दासी, बैल व गाढव येथपर्यंत ती जाते, आणि त्याचे कारण मिसरातील दास्याची आठवण हे दिले आहे. आपल्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा मंदिराच्या फाटकावरील पहारेकरी बारा तासांच्या पाळीत जेवतो केव्हा, हे आपल्यापैकी किती विश्वस्तांना ठाऊक आहे? घरी भांडी घासणाऱ्या बाईला यातला कोणताही कायदा धड लागू होत नाही. तिला आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही, हे सर्वस्वी आपल्या हातात आहे.

पुढे काय झाले

ताप उतरल्यावर भाची कामावर परत गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो. भांडायला गेलो नव्हतो. मजल्यावरील प्रमुखाला मी एवढेच विचारले की, कामाच्या वेळांचा तक्ता कोठे आहे? तो तरुण गृहस्थ सभ्य होता; त्यालाही ठाऊक नव्हते. शोधाशोध करता मागच्या जिन्याजवळ, सेलच्या जुन्या पाट्यांमागे, तो सापडला. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: दुपारी दीड ते अडीच, सायंकाळी साडेपाच ते सहा. बरोबर दीड तास. विश्रांती तेथे होतीच. कागदावर होती, भिंतीवर होती, पाट्यांच्या मागे होती.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तिने काउंटर सोडले आणि डबा घेऊन वर गच्चीत गेली. पहिले चार दिवस ती एकटीच जेवली. बाकीच्या मुली दुरून पाहत. पाचव्या दिवशी एक आली. दिवाळीच्या गर्दीत पुन्हा सारे विस्कटले, आणि मार्चमध्ये तिने ती नोकरी सोडली. सोडावी की नाही, यावर घरात बरेच वाद झाले. तिच्या वडिलांचे अजूनही म्हणणे आहे की, थोडे सोसायला हवे होते.

या जानेवारीत ती चष्म्यांच्या एका दुकानात लागली. तेथील लेखनिकाने कागद पुढे सरकविला, तेव्हा तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसून दोन्ही पाने वाचली. जेवणाची वेळ लिहिलेली नव्हती. तिने विचारले. लेखनिक आत जाऊन आला व पेनाने समासात 'दुपारी १.३० ते २.००' असे लिहून त्याने तेथे आद्याक्षरे केली. त्या दिवशी पावणेदोनला तिचा मला फोन आला. काय बोलते आहे ते नीट कळेना. तोंडात घास होता.